मालेगाव ते इंदूर : एका जुन्या ट्रकच्या केबिनमधून

मालेगावहून इंदूरला जाणारा रस्ता म्हणजे जुना मुंबई-आग्रा महामार्ग. अंतर साधारण तीनशे किलोमीटर. पण एवढ्या अंतरात हा रस्ता दोन मोठ्या नद्या आणि दोन पर्वत ओलांडतो. धुळे सोडले की तापी, मग सातपुडा. सातपुडा चढून सेंधव्याला पोहोचले की निमाडचा तापलेला सपाट मुलूख आणि नर्मदा. नर्मदेनंतर विंध्याचा घाट, आणि तो चढला की माळव्याचे पठार, जिथल्या रात्रीला जुन्या लोकांनी ‘शब-ए-मालवा’ म्हणून नावाजले आहे. कारच्या काचा बंद करून पाच-सहा तासांत हा प्रवास उरकणाऱ्यांना यातले फारसे काही जाणवत नाही. ट्रकच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला मात्र प्रत्येक चढ आणि प्रत्येक सपाट पट्टा अंगावर जाणवतो.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हा प्रवास आमच्या थोरल्या भाईजानांच्या ट्रकमधून केला. भाईजानांचे वय ५६. ट्रक १४ वर्षांचा, दहाचाकी. गाडी भाईजानांची स्वतःची, आणि चालवतातही तेच. सोबत त्यांचा धाकटा मुलगा क्लीनर म्हणून. मागे ताडपत्रीखाली इंदूरच्या एका व्यापाऱ्याचे मागावरचे कोरे कापड. असे आम्ही तिघे निघालो.

या सफरीला कारण होते. गेल्या मे महिन्यात याच रस्त्यावर भाईजानांना उष्माघाताचा झटका आला. डोके गरगरले, घाम यायचा थांबला, गाडी कशीबशी कडेला घेतली आणि ते स्टिअरिंगवर मान टाकून बसले. पुतण्याने पाणी ओतून, ओले फडके गुंडाळून त्यांना दवाखान्यात पोहोचवले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये पुन्हा बसायचे नाही. अम्मींचे आणि भाभींचे म्हणणे, गाडी विकून टाका. पण मोठ्या पुतणीच्या फार्मसी कॉलेजची दोन वर्षांची फी याच गाडीच्या भाड्यातून निघायची होती.

गाडीत एसी नव्हता असे नाही. सहा वर्षांपूर्वी भाईजानांनी तो बाहेरून बसवून घेतला होता. पहिली तीन वर्षे तो छान चालला. नंतर दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झाला’ म्हणून गॅस भरला जाई. आठवडाभर बरे वाटे, की पुन्हा कोमट हवा. या वर्षीही मेच्या सुरुवातीला गॅस भरून झाला होता. गावातल्या एका गॅरेजने शेवटी निकाल दिला, “कंप्रेसर गेला. नवा टाका. सगळे मिळून ३४ हजार.” भाईजान म्हणाले, “एवढे पैसे आज नाहीत. इंदूरची फेरी करून येतो, मग बघू.” डॉक्टरांचे बोलणे लक्षात घेऊन आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो.

वही, पेन आणि थर्मामीटर

आम्ही शिक्षक. गाडीतले आम्हाला फारसे कळत नाही, पण निरीक्षणाची नोंद कशी ठेवायची ते मुलांना रोज शिकवतो. म्हणून निघताना एक वही आणि एक डिजिटल थर्मामीटर घेतला. तो पुतण्याने हवेच्या जाळीत अडकवून दिला. वहीत पाच रकाने आखले: वेळ, ठिकाण, गाडीचा वेग, बाहेरचे तापमान, जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान.

सकाळी अकराला मालेगावात मागांच्या गल्लीबाहेर गाडी उभी होती, इंजिन चालू होते. बाहेर ४१ अंश, जाळीत २७. हाताला ही हवा गार लागते, पण तिने केबिन गार होत नाही. गाव मागे पडले, रस्ता मोकळा झाला, गाडीने ५५ चा वेग धरला. लळिंगचा किल्ला दिसू लागला तेव्हा जाळीतला आकडा १८ वर आला होता. भाईजान म्हणाले, “बघ, आता ठीक चालतोय. हा असाच आहे, लहरी.”

धुळ्यात शिरलो. सिग्नल, रिक्षा, बाजाराची गर्दी. दहा मिनिटांत आकडा २५. यात लहर कसली? गाडी थांबली की हवा बिघडते, पळू लागली की सुधारते, हे वहीत सरळ दिसत होते. कंप्रेसर खरोखर संपला असता तर लळिंगजवळ १८ अंश आले कुठून?

हे समजण्यासाठी एसीचे काम थोडक्यात पाहू. एसी थंडी तयार करत नाही, तो केबिनमधली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कंप्रेसर गॅसला दाबून गरम करतो. हा गरम गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीतून जातो, तिथे वाऱ्याने आपली उष्णता सोडतो आणि द्रव होतो. तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, उकळून पुन्हा वायू होतो आणि होताना केबिनमधली उष्णता शोषतो. घरातल्या फ्रिजचेही हेच काम. फ्रिजच्या मागची जाळी भिंतीला चिकटवून ठेवली तर आतले दूध नासते, कारण उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही.

धुळ्याची बादली

धुळ्यात महामार्गालगत एक वयस्कर मिस्त्री ट्रकांच्या एसीचे काम करतात. दुकान म्हणजे एक टपरी, दोन गेज आणि पाण्याची टाकी. आम्ही सलाम करून वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट वाचली आणि हसून म्हणाले, “मास्तर, अर्धं काम तुम्हीच करून आणलंय. लोक येऊन फक्त ‘गॅस भरा’ म्हणतात.”

त्यांनी गाडी उभी ठेवून गेज लावले. कमी दाबाच्या बाजूला ६० पौंड, जास्त दाबाच्या बाजूला ३४०. मग पुतण्याला सांगितले, “बेटा, बादलीभर पाणी आण आणि पुढच्या जाळीवर हळूहळू ओत.” पाणी ओतताच काटे खाली सरकू लागले. जास्त दाब २२० वर आला, कमी दाब ३८ वर, आणि केबिनमधला थर्मामीटर २५ वरून १७ वर उतरला. दोन मिनिटांत पाणी सुकले, काटे पुन्हा वर.

चाचा म्हणाले, “कंप्रेसर जिवंत आहे. तो मेला असता तर हा दाब चढलाच नसता आणि ही बाजू एवढी खाली आली नसती. तुमची जाळी श्वास घेत नाही. वाऱ्याचं काम पाण्यानं केलं की एसी बरा होतो, म्हणजे वारा कुठंतरी अडतोय.”

गेजचे काटे कसे वाचायचे तेही त्यांनी सांगितले, ते वहीत उतरवून घेतले. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी, म्हणजे कुठेतरी गळती. दोन्ही वर असतील तर कंडेन्सरला वारा नाही किंवा गॅस जास्त भरला आहे. कमी दाबाचा काटा वर आणि जास्त दाबाचा खाली, दोघे एकमेकांच्या जवळ आले, तर कंप्रेसर थकला. कमी दाबाचा काटा शून्याच्याही खाली ओढला गेला तर व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला.

आम्ही विचारले, “समोरून तर जाळी स्वच्छ दिसते. दर आठवड्याला धुतो.”

“समोरून स्वच्छ असेल. मागून कोण बघतं? ती उचलून बघावी लागेल. त्याला चार तास लागतील आणि माझ्याकडे आज तीन गाड्या उभ्या आहेत. सेंधव्याला माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे, त्याच्याकडे जा. घाटात एसी बंद ठेवा, नाहीतर इंजिनही तापेल.” गेज लावल्याचे त्यांनी ३०० रुपये घेतले. वाटले असते तर गॅस भरून तीन हजार सहज घेऊ शकले असते.

तापी आणि बिजासन

धुळ्यानंतर रस्ता मोकळा. सोनगीरला चहासाठी थांबलो. टेकडीवर किल्ला आणि गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा जुना व्यवसाय. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद इथल्या तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आमच्या एसीच्या कंडेन्सरमध्ये तेच काम ॲल्युमिनियम करते. सोनगीर ते नरडाणा पट्ट्यात वेग ६०, जाळीत १७. तापीच्या पुलाजवळ एका ढाब्यामागच्या छोट्या मशिदीत जोहरची कस्र अदा केली, भाभींनी दिलेला डबा खाल्ला, भाईजानांना तासभर आडवे व्हायला लावले.

शिरपूर गेले, पळासनेर आले आणि समोर सातपुडा उभा राहिला. बिजासन घाट ट्रकवाल्यांच्या जिवावरचा आहे. उतरताना ब्रेकची परीक्षा, चढताना इंजिनची. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढते. समोरून वारा नाही, इंजिन पूर्ण जोरात, ऊन पाठीवर. चाचांचे ऐकून एसी बंदच होता. एका वळणावर आम्ही नोंदीपुरता दोन मिनिटे चालू केला: जाळीत २९. इंजिनाच्या तापमानाचा काटाही लाल पट्टीकडे सरकला. लगेच बंद केला, काचा उघडल्या.

त्या अर्ध्या तासात भाईजानांचा चेहरा पाहून आम्हाला गेल्या वर्षीचा मे कळला. बॉनेट केबिनच्या आतच, त्याच्या पत्र्यातून आच येत होती. गिअरच्या दांडीभोवतीचे रबर फाटलेले, त्यातून पायांवर झळ. पुतण्या ओले फडके बदलत होता. भाईजान बोलत नव्हते. घाटात समोरच्या गाडीचे ब्रेक लागले तर माणसाला क्षणात पाय दाबावा लागतो, आणि तापलेला, पाणी आटलेला मेंदू तो क्षण गमावतो. थंड केबिनला आपण चैन म्हणतो. इथे तिचा संबंध या गाडीतल्या आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक जिवाशी होता.

संध्याकाळी सेंधव्याला पोहोचलो आणि मुक्काम केला.

सेंधव्याची गोधडी

सेंधवा हे कापसाचे गाव, जिनिंगच्या कारखान्यांचे. इथल्या मिस्त्रींनी सकाळी सातला काम सुरू केले. पुढची जाळी काढली, कंडेन्सरचे चार नट सोडले आणि गॅसचे पाइप न उघडता तो अलगद पुढे झुकवला. आत टॉर्च मारला आणि म्हणाले, “या, गोधडी बघा.”

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या तीन बोटांच्या फटीत खरोखरच गोधडी होती. राखाडी, दाट, नमद्यासारखी. मागांच्या गल्लीत उडणारे सुती तंतू, महामार्गाची धूळ आणि इंजिनाच्या तेलाचा ओशटपणा यांनी वर्षानुवर्षे ती विणली होती. पंखा वारा आत ओढतो, तंतू पुढच्या जाळीतून पार होतात आणि मागे रेडिएटरवर अडकतात. समोरून पाणी मारले की पुढचा भाग चकचकीत होतो आणि मागचा थर आणखी घट्ट बसतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांच्या गल्ल्यांत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मालकाने हे ध्यानात ठेवावे.

मिस्त्रींनी तो थर हाताने सोलून काढला. नंतर मागच्या बाजूने, कमी जोराच्या पाण्याने जाळी धुतली. जोराचा फवारा मारला तर पातळ पत्र्या वाकतात आणि वाट पुन्हा बंद होते. वाकलेल्या पत्र्या त्यांनी बारीक फणीने सरळ केल्या. कडेच्या फटींत रबराची पट्टी भरली, म्हणजे वारा जाळीला वळसा घालून निसटणार नाही. साडेतीन तास काम चालले, मजुरी १,२०० रुपये.

गाडी तिथेच उभी ठेवून एसी लावला. बाहेर ३८, जाळीत १८. आदल्या दिवशी मालेगावात उभ्या गाडीत २७ होते. पुतण्याने वही भाईजानांपुढे धरली. ते आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तीन वर्षं गॅसचे पैसे भरले मी.”

निमाड, नर्मदा आणि विंध्याचा घाट

जुलवाण्यापासून खलघाटपर्यंत निमाडची भट्टी. शेजारच्या खरगोनचे नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत वारंवार येते. त्या दुपारी बाहेर ४३ अंश होते. जाळीत १५, तरी केबिन म्हणावी तशी गार नव्हती. थंड हवा येत होती, पण उष्णताही कुठून तरी शिरत होती. नर्मदेच्या पुलाअलीकडे थांबून शोध घेतला.

पहिली वाट बॉनेटची. आतला नमदा गळून गेला होता. दुसरी गिअरच्या फाटक्या रबराची, तिसरी दारांच्या वाळलेल्या रबराची. चौथी डोळ्यांना न दिसणारी. इंजिनाचे गरम पाणी हिवाळ्यातल्या हीटरसाठी डॅशबोर्डमध्ये येते आणि उन्हाळ्यात ते अडवणारा कॉक जुना झाला की थोडे पाणी झिरपत राहते. मग एसी थंड करतो आणि हीटर तीच हवा तापवतो. पुतण्याने इंजिन बंद करून हीटरच्या पाइपला फडके गुंडाळले आणि पकडीने चिमटा लावला. दहा मिनिटे चालवून पाहिले तर जाळीतला आकडा दोन अंशांनी उतरला.

गुजरीनंतर विंध्याचा घाट लागला. या वेळी एसी चालू ठेवूनच चढलो. आकडा २१ पर्यंत गेला. बिजासनच्या २९ पेक्षा कितीतरी बरा. पण इंजिनाचा काटाही थोडा वर आला. वारा अजून पुरता मिळत नव्हता. इंजिन तापले की पंख्याला घट्ट धरून जोरात फिरवणारे कपलिंग ढिले झाले असावे, असे भाईजानांनीच ओळखले. मानपूर, महू मागे टाकत मगरिबच्या सुमारास इंदूरला पोहोचलो. खिडकीतून येणारा वारा खरोखरच बदलला होता.

इंदूरच्या ट्रान्सपोर्टनगरात माल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी उरलेली कामे केली. पंख्याचे कपलिंग खराब निघाले, ते बदलले. एसीतला सगळा गॅस यंत्राने काढून वजन केले. ठरलेले माप ९०० ग्रॅम, निघाला १,१५० ग्रॅम. गळती शोधण्यासाठी नायट्रोजनचा दाब देऊन तासभर ठेवला, काटा हलला नाही. म्हणजे गॅस कधी कमी झालाच नव्हता, भर मात्र पडत होती, आणि जादा गॅसने दाब आणखी वाढत होता. ड्रायर नवा बसवला, व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल काढली आणि गॅस वजनकाट्यावर तोलून भरला.

हिशेब असा: धुळे ३००, सेंधवा १,२००, कपलिंग ४,५००, ड्रायर-गॅस-तेल ३,८००, नमदा-रबर-हीटरचा कॉक २,३००. एकूण १२,१०० रुपये. कंप्रेसर जुनाच आहे. परतीच्या वाटेवर धुळ्याच्या सिग्नलवर बाहेर ४२ आणि जाळीत १६ होते.

घरोघरी उपयोगी पडेल असे

हे फक्त ट्रकचे नाही. शाळेची व्हॅन, घरची जुनी कार, माल वाहणारा पिकअप, सगळ्यांना हेच लागू आहे. मिस्त्रीकडे जाण्याआधी एवढे टिपून न्या. उभ्या गाडीत हवा कोमट आणि पळताना गार असेल तर कंडेन्सर आणि पंखा बघा. सुरुवातीला गार आणि तासाभराने हवेचा झोतच मंदावत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असेल. एसी थोडा वेळ बंद करून ब्लोअर चालू ठेवल्यावर झोत परत येतो का ते पाहा. झोत पहिल्यापासूनच कमी असेल तर केबिनचा फिल्टर तुंबला असेल. गाडी तापल्यावर हवा अचानक गरम होऊन पुन्हा गार होत असेल तर कंप्रेसरचा क्लच सुटतो आहे. त्याला मिळणारी वीज, अर्थिंग आणि पट्टा तपासा. सर्व वेळ सारखीच कोमट असेल तेव्हा गॅसचा संशय घ्या, आणि तेव्हाही गळती आधी शोधायला सांगा. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला तर तो कुठून तरी निसटला आहे. गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवेत सोडला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. म्हणून तो काढताना यंत्रात घ्यावा, हवेत उडवू नये. आणि गॅस भरताना वजनकाटा आहे का, हे आवर्जून विचारा. तराजू योग्य ठेवण्याची ताकीद आपल्याला धान्यापुरती दिलेली नाही.

सन २०२५ पासून देशात तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या नव्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. चांगले झाले. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि त्या अजून कितीतरी वर्षे धावणार आहेत. आपल्या घरात येणारे गव्हाचे पोते, कांदा, कापड, औषधे अशाच कुणाच्या तरी केबिनमधून येतात. आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या दुसरे चालवतात त्यांनी ड्रायव्हरने ‘एसी चालत नाही’ म्हटले की ‘चालवून घे’ असे उत्तर देऊ नये. तो त्या केबिनमध्ये रोज दहा-बारा तास बसतो.

भाईजानांनी गाडी विकायचे तूर्त थांबवले आहे. भाभींनी दोन अटी घातल्या: दुपारी बारा ते चार घाट चढायचा नाही, आणि दर महिन्याला जाळी मागून धुवायची. दुसऱ्या अटीची तारीख पुतण्याने केबिनमधल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. पुतणीच्या कॉलेजची या वर्षीची फी भरून झाली, अल्हम्दुलिल्लाह.